उम्मुहानची लेक

"नेवेना!" अशी मागून हाक आली आणि ती वळली.

हाक मारणारी स्तांका होती. कारखान्यात दोघी एकाच सरकत्या पट्ट्यापाशी समोरासमोर उभ्या राहून लाल मिरच्यांची देठं काढायच्या. स्तांका धापा टाकत ट्रॉलीबसच्या थांब्यापर्यंत धावत आली होती आणि तिच्या हातात हिची छत्री होती. "डोकं कुठंय तुझं? आज छत्री विसरलीस, उद्या पोरीला विसरशील," म्हणत तिने छत्री हिच्या काखेत खुपसली, पाठीवर एक धपका घातला आणि आल्या पावली परत गेली. बस आली. ती चढली, खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिली. सप्टेंबरची संध्याकाळ होती. घरोघरच्या बाल्कन्यांत मिरच्या भाजत होत्या आणि सगळ्या प्लॉवदिव शहराला त्या करपल्या सालींचा गोडसर वास सुटला होता. मारित्सा नदीचा पूल यायच्या आधी कधीतरी ते एकदम तिच्या ध्यानात आलं. आपण वळलो. विचार न करता वळलो. कुणी नाव घेतल्यावर माणूस जसा वळतो, तसे.

गेली दोन-अडीच वर्षं ही हाक तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत असे. आधी ते कुणा दुसरीचं नाव म्हणून कानावरून जायचं. मग आठवायचं की ती दुसरी म्हणजे आपणच. आणि मग मान वळायची. फार वेळ नाही, एक श्वास घेऊन सोडावा इतकाच. कारखान्यातल्या बायका तिला जराशी बहिरी समजत आणि तिने तो समज तसाच राहू दिला होता. कारण त्या एका श्वासापुरती ती नेफिसे असायची. दिवसातून कितीदा तरी कुणीतरी नेवेनाला हाक मारायचं, आणि दरवेळी नेफिसे त्या फटीतून पटकन घरी जाऊन यायची. घरी म्हणजे कुठे, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. डोंगराच्या कुशीतलं ते गाव, तंबाखूचे बांध, ओढ्याच्या पलीकडे चरणारी बकरी, आणि अलीकडून येणारा आईचा उंच, चिरका, शेवटच्या अक्षरावर लांबत जाणारा आवाज: नेफिसेऽऽ. आज फट बुजली होती. केव्हा बुजली? कदाचित आज नसेलच, आठवड्यापूर्वी, महिन्यापूर्वीच बुजली असेल, आणि आपल्याला आज कळलं. दात पडल्यावर जीभ तिथे जाते तशी ती त्या आवाजाकडे गेली, आईच्या आवाजाकडे. आणि तिला तो ऐकू येईना. शब्द आठवत होता, तो आवाज येत नव्हता. बांध दिसत होता, बांधावरची आई दिसत होती, आईचं तोंडही उघडत होतं.

नाव बदललं त्या दिवशी तिच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं, हे तिला सगळ्यात जास्त सलायचं. गावात हिवाळ्यात सैन्य आलं होतं, रस्ते बंद होते, कुत्री होती, बर्फातून म्हाताऱ्यांना पंचायतीच्या दारात उभं केलं होतं, हे सगळं तिला नंतर कळलं. ती शहरात होती. तिला पट्ट्यावरून ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे एक प्रौढ बाई, चष्मा, लोकरीची बंडी, समोर कॉफी. "बसा ना," बाई म्हणाली. मग म्हणाली की आता सगळ्यांचीच नावं बल्गेरियन होणार, म्हणजे परत होणार, कारण मुळात तुम्ही आमचेच, तुर्कांच्या राज्यात तुमचे पूर्वज बाटले एवढंच. बाईने नावांचं पुस्तक चाळलं. "न वरूनच घेऊ या, म्हणजे तुम्हाला सही फार बदलावी लागणार नाही. नेवेना? छान आहे बघा, फुलाचं नाव आहे." आणि बाईने मान कलती करून तिच्याकडे असं पाहिलं, जणू दुकानात झगा अंगाला लावून बघताहेत. ती म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली. अजून कधी कधी मिरच्या सोलताना ते "बरं" तिच्या तोंडात यायचं, बियांसारखं, आणि थुंकता यायचं नाही.

घरी आली तेव्हा रिफात भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. दिवसभर विटा रचून त्याचे हात पांढरे पडलेले. नव्या कागदांवर तो रुमेन होता. बालवाडीतून आणलेली मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. ती आनेलिया. जन्मली तेव्हा ती आयतेन होती, पण नाव बदललं तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती आणि नंतर दोघांनी ठरवून टाकलं होतं, तिला सांगायचं नाही. पोर आहे, बालवाडीत बोलून बसेल. घरात तुर्की बोलणंही हळूहळू बंद पडलं होतं. भिंती पातळ होत्या आणि खालच्या मजल्यावरचा माणूस फार हसून नमस्कार करायचा.

जेवणं झाली. मुलगी पलंगावर गेली. भांडी विसळता विसळता ती नवऱ्याला म्हणाली, "मला हाक मार."

"अं?"

"नावाने. माझ्या."

रिफातने दाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग उठून रेडिओ मोठा केला. "काय झालं? कुणी काही म्हणालं का?"

"स्तांकाने हाक मारली. मी वळले."

"मग?"

"लगेच वळले रे."

त्याला कळलं. कळलं हे तिला त्याच्या खांद्यांवरून दिसलं. ते खाली आले. बराच वेळ तो टॉवेलला हात पुसत राहिला. "एक सांगू?" तो म्हणाला. "रिफातला रात्री झोप येत नव्हती. दारापाशी बूट वाजले की उठून बसायचा. रुमेनला येते. पडल्या पडल्या घोरतो, तूच म्हणतेस. मग म्हटलं, घोरू दे बापड्याला." तो हसला, मग हसू थांबवून तिच्याजवळ आला आणि रेडिओवरच्या गाण्याखाली, तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "नेफिसे." बरोबर उच्चारलं त्याने. पण तो दाराकडे बघतच म्हणाला, आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला कुणाचा तरी पत्ता सांगितला.

"शनिवारी गावी जाते," ती म्हणाली.

"मिरचीचा हंगाम आहे, सुट्टी देतील?"

"आई आजारी आहे म्हणेन."

असं खोटं बोलू नये, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. त्याने रेडिओ बारीक केला.

आईशी फोनवर बोलणं म्हणजे एक तमाशाच असायचा. अधूनमधून एखाद्या रविवारी आई गावच्या पोस्टात येऊन बसायची आणि ही शहरातून फोन लावायची. तुर्की शब्द आला की पोस्टातल्या मुलीने फोन तोडायचा, असा हुकूम होता. ती मुलगी गावातलीच, हिच्या डोळ्यांदेखत रांगायला शिकलेली. पण नोकरी होती आणि ती तोडायची. आईला बल्गेरियन येत नव्हतं. सगळं आयुष्य तंबाखूत गेलेलं, येणार कुठून? एकच शब्द यायचा, "डोब्रे", म्हणजे बरं आहे. मग नेफिसे बल्गेरियनमध्ये सांगत राहायची की पोरीचा दात हलायला लागला, रिफातची पाठ धरली, स्तांकाने जर्दाळूचा मुरांबा दिला, आणि आई पलीकडून, एक अक्षर न समजता, म्हणायची, "डोब्रे. डोब्रे." मध्येच गप्प व्हायची. मग खोकायची. तो खोकला मात्र अस्सल आईचा असायचा. त्याला कुणी भाषा लावू शकत नव्हतं. नेफिसे रिसीव्हर कानाला घट्ट दाबून त्या खोकल्याची वाट बघायची.

शनिवारी बस बदलून ती आणि मुलगी गावात उतरल्या. आई अंगणात, छपराच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि लांब सुईने तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत होती. अंगात तीच फुलाफुलांची सलवार. सलवार घालून रस्त्यावर जायला बंदी होती, स्कर्ट घाला म्हणत होते. तेव्हापासून आईने रस्त्यावर जाणं सोडलं होतं. पोस्टात जायची तेवढ्यापुरता सलवारीवरून नवऱ्याचा जुना ओव्हरकोट चढवायची, भर उन्हाळ्यातसुद्धा.

"आलीस होय?" आई न उठता म्हणाली. "आणि ही केवढी झाली! मक्यासारखी वाढलीय. ये गं, ये." मुलीला तुर्की कळलं नाही, पण पसरलेले हात कळले. ती जाऊन मांडीवर पडली. आई तिला म्हणाली, "माझं कोकरू, माझं साखरेचं ढेकूळ," आणि आणखी कितीतरी काय काय. नाव मात्र कुठलंच घेतलं नाही. त्या हिवाळ्यापासून आईने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. शेजारीण म्हणजे 'अगं', मेंढपाळ म्हणजे 'तो उंच', बकरीसुद्धा नुसती बकरी.

"योर्दांका कशी आहे?" नेफिसेने विचारलं. कागदावर आईचं नाव योर्दांका होतं, आणि दोघींमध्ये ही थट्टा जुनी होती.

"तिला काय धाड भरलीय! पेन्शन तिचं, पोस्टात ताटकळायचं मी. परवा दवाखान्यात गेले तर डॉक्टर विचारतो, योर्दांका, कुठे दुखतं? शेजारणीला म्हटलं, सांग त्याला, तिलाच विचार बाबा, मला काय ठाऊक तिचं!"

"मग? काय म्हणाला?"

"शेजारणीने सांगितलं तर ना! ती भित्री नुसती हसली. गोळ्या दिल्यात. योर्दांकाच्या नावावर आहेत, मी कशाला खाऊ?"

"आई, खरंच दुखतं का कुठे?"

"म्हातारपण दुखतं गं." आईने छातीवर हात ठेवला आणि तसाच सुईकडे नेला, जणू वाटेत तो तिथे सहज थांबला होता. नेफिसेला आपलं खोटं आठवलं आणि ती घाईने पानं निवडायला बसली. ओल्या तंबाखूचा चिकट, कडवट रस बोटांना लागला, काळा. लहानपणी हा रस भाकरीला लागायचा आणि सगळी भाकरी कडू व्हायची. आता तो बोटाला लागला तेव्हा तिने नकळत बोट चोखलं. मुलगी आजीच्या शेजारी बसून ओवायला शिकत होती. आजी सुई पानाच्या शिरेतून कशी घालायची ते दाखवायची, नातीचं चुकलं की कपाळाला हात लावायची, जमलं की टाळी वाजवायची. त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. नेफिसे मध्ये बसली होती आणि दोन्ही भाषा तिच्या तोंडात होत्या, पण तिला एकही वापरावीशी वाटेना.

ऊन कलतं झालं. समोरचा डोंगर निळा पडला. मुलगी बकरीमागे गेली. तेव्हा ती म्हणाली, "आई, मला एकदा हाक मार ना."

"समोर तर बसलीयेस. हाक कशाला?"

"नावाने मार."

आईची सुई थांबली. अंगणाच्या भिंतीपलीकडून रस्ता जात होता आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीकडे पाहिलं, फार वेळ, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना पाहावं तसं.

"हळू मार. चालेल मला," नेफिसे म्हणाली.

"मला नाही चालणार." आईने पुढचं पान उचललं. "तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आजाने तुझ्या कानात नाव सांगितलं, हळूच. नाव कुजबुजायचं ते तेवढंच. त्यानंतर मी तुला त्या बांधावरून हाका मारल्यात, ओढ्यापार जायच्या, खालच्या वस्तीतले लोक म्हणायचे, वाजली हिची तुतारी. आता काय चोरीच्या मालासारखं ओढणीखाली धरून देऊ तुला? नाही बाई."

"मग कधी?"

"दिवस येतील."

"नाही आले तर?"

"नाही आले तर राहील तसंच. मळणार तरी नाही."

नेफिसेला राग आला. एवढ्या लांबून एवढंसं मागायला आले आणि ही म्हातारी ताठ्यात बसलीय. तिला ओरडून सांगायचं होतं की मी वळले, आई, त्या नावाला मी वळले, मला तुझा आवाज आठवत नाही, मला घाई आहे. पण सांगितलं असतं तर आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं असतं ते तिला बघवलं नसतं. दोघी अंधार पडेपर्यंत पानं ओवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बस सुटताना आई अंगणाच्या फाटकाशी उभी होती, ओव्हरकोटात, आणि हात वर करून नुसती उभी राहिली. दोन-तीनदा तिने तोंड उघडल्यासारखं केलं. बसच्या काचेतून काहीच ऐकू आलं नसतं.

फेब्रुवारीत कारखान्यात फोन आला. पोस्टातलीच मुलगी होती. "तुमच्या आई पहाटे वारल्या," ती बल्गेरियनमध्ये म्हणाली, सरळ, कागद वाचल्यासारखं. आणि मग फोन ठेवायच्या आधी, इतक्या हलक्या आवाजात की तो तारेतलाच आवाज वाटावा, तुर्कीत म्हणाली, "ताई, धीर धरा." स्तांका शेजारी उभी होती. तिने काही न विचारता हिचा अॅप्रन सोडला.

रिफात आणि मुलीला घेऊन ती पोचली तेव्हा गावात गुडघाभर बर्फ होतं. शेजारणींनी मागच्या खोलीचं दार लावून आईला न्हाऊ घातलं, घाईघाईने, पाण्याचा आवाज होऊ न देता. कफन नेसवायला मनाई होती, पेटीत कपड्यांत ठेवायचं होतं. म्हणून त्यांनी आत कफन गुंडाळलं आणि वरून पंचायतीने पाठवलेला गडद स्कर्ट आणि ब्लाउज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा आईने स्कर्ट नेसला. "योर्दांका राहू दे वरून," शेजारीण कानाशी म्हणाली, जी इतकी भित्री होती तीच, "आत आपली उम्मुहान आहे." नेफिसेने आईच्या हनुवटीखालून बांधलेली पट्टी नीट केली. तोंड घट्ट मिटलेलं होतं. आवाज त्याच्या आत कुठेतरी होता, बंद पेटीत राहावा तसा, आणि आता ती पेटी उघडणारं कुणी उरलं नव्हतं. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त असं वाटत होतं की कुणीतरी बोलता बोलता मध्येच थांबलंय आणि पुढचा शब्द यायचा आहे.

पूर्वी त्यांच्यात बाया कबरस्तानात जात नसत. पुरुष मय्यत घेऊन जात, बाया घरी बसत. पण आता नवे विधी होते, सरकारी. पंचायतीची एक बाई दारात आली, हातात लाल कार्नेशनचा गुच्छ. "मुलीने पुढे चालायचं," ती म्हणाली, "फुलं घेऊन." अशा रीतीने सरकारनेच नेफिसेला आईच्या कबरीपाशी नेऊन उभं केलं.

जुन्या कबरस्तानात, वडिलांशेजारी, जागा दिली नव्हती. डोंगराच्या उतारावर नवी जागा आखली होती, सगळ्यांसाठी सारखी. टेपरेकॉर्डरवर संथ बँड वाजला. पंचायतीच्या बाईने भाषण केलं: तंबाखू शेतीतल्या आदर्श कष्टकरी, कॉम्रेड योर्दांका. थंडीने बाईचं नाक लाल झालं होतं आणि ती मनापासून वाचत होती. गावकरी टोप्या हातात घेऊन उभे होते. सगळ्यात मागे म्हातारा होजा, गावच्या मशिदीतला मौलवी, उभा होता, ओव्हरकोटाच्या खिशात हात घालून. मशिदीला कुलूप लागलं तेव्हा त्याला धरून नेलं होतं. वर्षाने परत आला तो बोलेनासा होऊन. नेफिसे त्याच्याकडे बघत होती. वडील गेले तेव्हा ती लहान होती आणि हट्टाने पुरुषांमागे जाऊन भिंतीआड लपली होती. सगळे पांगल्यावर होजा एकटाच कबरीच्या डोक्याशी बसला होता आणि त्याने मेलेल्याला हाक मारली होती, नावाने, त्याच्या आईचं नाव जोडून: हानिफेच्या लेका, झेकेरिया! आता फरिश्ते येतील, विचारतील, भिऊ नको, असं असं सांग. भिंतीआड तिला वाटलं होतं, मातीखाली बाबांनी मान वळवली.

होजा बुटांकडे बघत होता. तो हाक मारणार नव्हता. पेटी खाली गेली, माती पडली, गोठलेली, ढेकळाढेकळांनी, दारावर थापा पडाव्यात तशी वाजत. तिने फुलं टाकली. आणि तिच्या मनात आलं, आता फरिश्ते येतील आणि कुठल्या नावाने विचारतील? वर तर फळीवर योर्दांका लिहिलंय. योर्दांका म्हणून हाक मारली तर आई वळायची नाही. मी तिला ओळखते. कयामतीपर्यंत तशीच पडून राहील, पण वळायची नाही. ते म्हणतील, इथे कुणी नाही, आणि पुढे जातील.

पंचायतीच्या बाईने टेप बंद केली. लोक निघायला वळले. रिफातने तिच्या कोपराला धरलं. "चल," तो म्हणाला.

"उम्मुहान!" ती ओरडली.

कुजबुजली नाही. पोटातून आलेला, उंच, चिरका आवाज होता तो, आणि शेवटच्या अक्षरावर तो लांबत गेला. उतारावरून खाली, ओढ्यावरून, पलीकडच्या डोंगरापर्यंत. "शेरिफेच्या लेकी, उम्मुहान! ऐकतेस ना? मी आहे. नेफिसे. तुझी नेफिसे." पुढचे अरबी शब्द तिला येत नव्हते. तिला येत होतं ते तिने सांगितलं, तुर्कीत, अंगणात उभं राहून सांगावं तसं. "तुला विचारतील, तेव्हा हेच नाव सांग. भिऊ नकोस. दुसरं घेतलं तर ओ देऊ नकोस. आम्ही बरे आहोत. पोर बरी आहे. उम्मुहान! हेच सांग."

कोपरावरची रिफातची पकड घट्ट झाली होती, ती सुटली. तो तिच्याशेजारी सरळ उभा राहिला. कुणी हललं नाही. मग मागून कुठूनतरी एक आवाज आला, "आमीन." जाड, गंजलेला, पुष्कळ दिवस न वापरलेला. कोण बोललं हे बघायला कुणीच मान वळवली नाही. आणि मग तिच्या ध्यानात आलं की मघाशी आपण ओरडलो तो आवाज आपल्याला ओळखीचा होता, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

पंचायतीत तिला दुपारभर बसवून ठेवलं. मिलिशियाचा, म्हणजे पोलिसांचा, अधिकारी तरुण होता, नुकता लग्न झालेला असावा. बोटातली अंगठी फिरवत होता.

"परकी भाषा बोललात तुम्ही. सार्वजनिक ठिकाणी."

"हो."

"कुणाशी बोलत होतात?"

"आईशी."

"आई तर वारली तुमची."

"म्हणूनच ओरडावं लागलं."

त्याने वर पाहिलं. थट्टा करतेय की काय ते त्याला कळेना, आणि तिलाही कळलं नसतं. त्याने दंड लावला आणि कारखान्याला कळवतो म्हणाला. कळवलंही. पुढे तिला पट्ट्यावरून काढून शीतगृहात टाकलं, जिथे वर्षभर बोटं बधिर राहतात. स्तांका जेवणाच्या सुट्टीत तिथे येऊन बसायची, शाल पांघरून, आणि तिला नाव न घेता 'अगं' म्हणायची. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पण ते सगळं नंतर.

त्या दिवशी बसमध्ये गर्दी होती. रिफात पुढे दारापाशी उभा होता. मुलगी तिच्या मांडीवर, खिडकीला नाक लावून. बस घाट उतरत होती. काचेवरची वाफ मुलगी बोटाने पुसायची, पुन्हा धरायची, पुन्हा पुसायची.

"आई, तू आजीला काय म्हणत होतीस?"

"तिचं नाव."

"योर्दांका?"

"नाही. उम्मुहान."

मुलीने ते तोंडात घोळवलं. "उम्मुहान," ती म्हणाली, मोठ्याने, लहान मुलं नवीन शब्द म्हणतात तशी. पुढच्या बाकावरच्या बाईची पाठ ताठ झाली. नेफिसेने मुलीला गप्प केलं नाही.

"आणि नेफिसे कोण?"

"मी."

"तू तर नेवेना."

"ते कागदावर. मी नेफिसे. उम्मुहानची लेक."

मुलगी विचारात पडली. बर्फ मागे राहिलं होतं. खाली काळं, ओलं मैदान दिसत होतं आणि त्यात नुकते लागलेले दिवे. "मग माझं पण दुसरं आहे?"

"आहे," ती म्हणाली. तिने आवाज हळू केला नाही. "आयतेन. तू आयतेन आहेस. नेफिसेची लेक."

मुलीने काचेवर पुन्हा वाफ धरली. ओठ हलवले, आवाज न करता, एकदा, दोनदा. मग तिने नाक मुरडलं. "मला आनेलियाच बरं वाटतं," ती म्हणाली. "बालवाडीत सगळे आनेलियाच म्हणतात."

नेफिसेने तिला नीट मांडीवर घेतलं. पोर खरं तेच सांगत होती. बस वळणं घेत होती आणि प्रत्येक वळणाला मुलीचं वजन तिच्या अंगावर येत होतं, ऊबदार, झोपेला आलेलं. बऱ्याच वेळाने, डोळे मिटता मिटता, मुलगी म्हणाली, "मोठी झाले की घेईन मी ते. तोवर तुझ्याकडे ठेव."

"ठेवते," नेफिसे म्हणाली.